गंज आमचा, अज्ञान त्यांचे



धाराशिवजवळच्या एका गावातून आम्ही नक्षी कापण्याची जुनी करवत घेतली. तिला 'स्क्रोल सॉ' म्हणतात. बारीक पाते जागच्या जागी वर-खाली हलते आणि लाकूड फिरवून हवी ती वळणे कापता येतात. घरचे सुतारकाका वारले होते. काकूंनी ती भंगारात काढली होती. आम्ही किलोच्या भावाने पैसे दिले. मोटर चांगली आहे, खराब झाले आहे ते फक्त बेअरिंग, हे आम्ही ओळखले होते. पण बोललो नाही.

डिझेलने गंज सोडवला, बेअरिंग बदलले, नवे पाते ताणून बसवले. करवत सुरू झाली, पण मनाला चैन पडेना.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. विकणारा पितळ समजून सोने देत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर तो व्यवहार अन्यायाचा. भरपाई केलीच पाहिजे. मात्र वस्तू सुधारून तिची किंमत वाढवली, तर तो नफा घेण्यात दोष नाही. म्हणजे आमच्या श्रमाचे मोल आमचे. काकूंच्या अज्ञानाचे मोल आमचे नव्हे.

आम्ही राहिलेले पैसे घेऊन गेलो. काकूंनी ते मोजून घेतले आणि विचारले, "तेव्हाच का नाही सांगितलं, बाबा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पैसे मागाहून देता येतात. खरे मात्र वेळेवरच बोलावे लागते.