धावून जाणे आणि हजर असणे

नवरात्र आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नऊ कर्तृत्ववान स्त्रियांचा परिचय करून देण्याची जी प्रथा अलीकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी तक्रार करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. सणासुदीचे लेखन सणासुदीच्याच मापाने मोजावे. माझी तक्रार आहे ती अशा पुरवण्यांच्या आगेमागे, गंभीर चेहऱ्याने, जो एक राजकीय सिद्धान्त सांगितला जातो त्याविषयी. आपल्या पक्षांनी स्त्रियांना सत्तेत घेतले खरे, परंतु त्यांच्या पदरात आरोग्य, समाजकल्याण, बालकल्याण अशी ‘सौम्य’ खाती टाकून गृह, अर्थ आणि महसूल ही ‘कणखर’ खाती पुरुषांनी स्वतःकडे राखली, आणि म्हणून ज्या दिवशी स्त्री गृहखाते चालवील किंवा रणांगणावर तुकडीचे नेतृत्व करील, त्या दिवसापासूनच तिच्या कर्तृत्वाचा खरा इतिहास सुरू झाला असे समजावे, असा हा सिद्धान्त आहे. यातील वाटपाच्या अन्यायाचा भाग खरा आहे आणि तो मला अमान्य नाही. खोटा आहे तो त्याच्या पोटातला समज, की आरोग्यखाते सौम्य असते.

या समजाने खानदेशातल्या एका चरित्राचे कसे दोन तुकडे केले, ते पाहण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे १९३४ मध्ये जन्मलेल्या, जळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आणि १९६२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तेथूनच विधानसभेवर निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी त्याच वर्षी, चिनी आक्रमणाच्या दिवसांत, जिल्ह्यात महिला गृहरक्षक दल संघटित केले आणि त्या त्याच्या समादेशक झाल्या. पुढे १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यात उपमंत्री होत्या व सार्वजनिक आरोग्य हा विषय त्यांच्याकडे होता. १९७४-७५ मध्ये आरोग्य आणि समाजकल्याण ही खाती मंत्री म्हणून त्यांनी सांभाळली. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा जे परिचयलेख प्रसिद्ध झाले, त्यांत गृहरक्षक दलाचा उल्लेख शौर्याच्या रकान्यात पडला आणि आरोग्यखात्याचा उल्लेख ‘विविध खाती सांभाळली’ या तीन शब्दांत आटोपला. २००९ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले, त्याची छायाचित्रे मात्र शाळकरी मुलांच्या वह्यांतूनही चिकटविली गेली. गणवेश दिसला की शौर्य, फाईल दिसली की सौम्य, असा हा हिशेब आहे. माझे म्हणणे असे, की १९६२ चे ते दल आणि १९७४ चे ते खाते ही दोन कर्तृत्वे नव्हेत. एकाच कर्तृत्वाची ती दोन दफ्तरे होत.

१९६२ चा काळ वाचकांच्या परिचयाचा आहे, तेव्हा त्याची केवळ आठवण द्यावी. १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. २० ऑक्टोबरला चिनी फौजांनी मोठा हल्ला चढविला. सहा दिवसांनी आणीबाणी पुकारली गेली. स्त्रियांनी संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. चव्हाणांच्या त्या जाण्यावरून हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे त्या वेळी जे बोलले गेले, ते आजही भाषणांतून बोलले जाते. धावून जाणाऱ्याचे आपल्याला मुळातच मोठे अप्रूप आहे. (ज्या दैवताची सगळी थोरवी विटेवर उभे राहण्यात आहे, त्याच्याकडूनही आपण हाकेसरशी धावण्याचीच अपेक्षा धरतो.) या मापाने पाहिले तर जळगावच्या महिला गृहरक्षकांचे काम हास्यास्पद ठरते. युद्ध महिन्याभरात संपले, आणि तापीकाठच्या त्या स्त्रियांनी एकाही चिनी शिपायाचे तोंड पाहिले नाही, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. मग त्यांनी केले काय?

त्यांनी नाव नोंदविले आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या. गृहरक्षकाच्या शिक्षणात कवायत असते, प्रथमोपचार असतो, आग विझविणे आणि जखमींना हलविणे असते. परंतु या सर्वांच्या आधी हजेरी असते. ज्या संकटाची तारीख ठाऊक नाही त्याच्यासाठी ठरल्या वारी, ठरल्या मैदानावर, ठरल्या माणसांनी जमावे आणि कोण आले, कोण आले नाही याची नोंद व्हावी, ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. तथापि ज्या समाजात स्त्रीच्या बाहेर पडण्याला लग्नकार्य, यात्रा किंवा शेतीचे काम एवढीच मान्य कारणे होती, तेथे ‘माझी हजेरी आहे’ हे कारण सांगून तिने उंबरठा ओलांडणे हा क्षुल्लक फेरफार नव्हे. सेवेचे दोन प्रकार आहेत, असे मला वाटते. एक धावून जाणारी सेवा आणि दुसरी हजर असणारी सेवा. पहिलीला संकट लागते, दुसरीला हजेरीपट लागतो. पहिली दिसते, गाजते आणि ओसरते. दुसरी दिसत नाही, परंतु पहिली जेथे जाऊन पोहोचते ते ठिकाण दुसरीने आधी उभारून ठेवलेले असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण त्याचा अर्धाच भाग पाहतो. पुण्याच्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले निघाल्या, त्यात त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले, हे चित्र प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. परंतु त्या मुलाला घेऊन त्या निघाल्या कोठे? सैन्यात वैद्यकीय नोकरी केलेल्या आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंतरावांना, बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी जो दवाखाना उभा करविला होता, तेथे. जागा निवडणे, ती गावाबाहेर निवडणे, डॉक्टर आणणे, रोग्यांची सोय लावणे हे सर्व आधी झाले होते म्हणून त्या पाठीवरच्या ओझ्याला एक दिशा होती. आपण पाठीचे स्मारक केले आणि दवाखाना विसरलो. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या बाबतीत हेच झाले, हातातला कंदील उरला आणि त्यांची आकडेवारीची कोष्टके गेली, हे आता इतक्यांनी सांगून झाले आहे की त्यावर थांबत नाही.

‘सौम्य खात्या’च्या सिद्धान्ताकडे परत येतो, कारण त्याचे समर्थक सहजी हार मानणारे नाहीत. त्यांचा पहिला युक्तिवाद असा, की आरोग्य आणि कल्याण ही घरातल्या शुश्रूषेचीच विस्तारलेली रूपे असल्यामुळे ती देऊन स्त्रीला पुन्हा घरातच बसविले जाते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. म्हणजे लाखभर वस्तीच्या तालुक्याला धड तीनही नव्हत्या. घरातली शुश्रूषा त्या वेळीही भरपूर होती, प्रेमाने होत होती, आणि माणसे मरत होती. उणीव होती ती शिकविलेल्या, नेमलेल्या, पगार घेणाऱ्या आणि जाब द्यावा लागणाऱ्या माणसांची. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने पन्नास हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखाली सोळा उपकेंद्रे, प्रत्येक उपकेंद्रात एक स्त्री व एक पुरुष कार्यकर्ता, अशी जी मांडणी केली, तिच्यात घरगुती असे काय आहे? ती मुलकी बंदोबस्ताइतकीच कोरडी आहे, आणि तिचे मोल त्या कोरडेपणातच आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक खोल दिसतो: कणखर खाते ते, ज्याच्यापाशी दंडशक्ती आहे. येथे तर हा सिद्धान्त साफ कोसळतो. गृहखाते माणसाला कोठडीत घालू शकते. आरोग्यखाते त्याच्या कातडीच्या आत जाऊ शकते. १८९७ च्या त्या प्लेगात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने पुण्यात घराघरांत शिरून माणसांची सक्तीने तपासणी केली, ते येथे पुन्हा विस्ताराने सांगण्याची गरज नसावी. आणि खुद्द प्रतिभाताईंच्या संदर्भात, २००७ च्या निवडणुकीत त्यांच्या विरोधकांनी १९७५ मधील एक विधान त्यांच्या नावावर पुढे मांडले, की आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा विचार चालू आहे. पुढल्याच वर्षी, हे खाते त्यांच्याकडे नसताना, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हे आपले सुदैव. ते विधान झाले असेल तर ते निषेधार्हच आहे, आणि चरित्रकारांनी ते झाकून ठेवू नये. परंतु ज्या खात्याच्या एका वाक्याने राज्यातल्या दुबळ्या माणसाच्या देहावरचा हक्क हिरावला जाऊ शकतो, त्याला सौम्य म्हणणाऱ्यांनी सत्तेचा विचार केलेला नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

तिसरा युक्तिवाद बोलून दाखविला जात नाही, गृहीत धरला जातो: आरोग्यखाते सांभाळायला अंतःकरण पुरते. यावर उत्तर द्यायला जळगावच्या बाहेर जाण्याची आवश्यकता नाही. जून २०२० मध्ये तेथील शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची एक कोरोनाबाधित वृद्धा आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात मृतावस्थेत सापडली. पुढे निलंबने झाली, चौकशी झाली. त्या दिवसांत त्या इमारतीत निर्दय माणसेच भरली होती असे मी मानीत नाही. जिवावर उदार होऊन राबणारी माणसे तेथेही होतीच. नव्हती ती एक गोष्ट: सकाळ-संध्याकाळ खाटांवरून हात फिरवून घेतलेली आणि खरी लिहिलेली रुग्णांची हजेरी. त्याच वर्षीच्या २२ मार्चला आपण थाळ्या वाजविल्या होत्या आणि आरोग्यसेवकांना योद्धे म्हटले होते. योद्धा म्हटले की हजेरीपटाचा विचार मागे पडतो. पगाराचाही पडतो: गावोगाव नावे आणि नोंदी ठेवणाऱ्या आशा कार्यकर्त्यांना मोबदल्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावे लागते.

एक आक्षेप मात्र मला मान्य केला पाहिजे. हजेरीपट खोटा असू शकतो. सातपुड्याच्या कुशीत, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि आता नंदुरबारात गेलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात, कागदावर हजर असलेला डॉक्टर प्रत्यक्षात नसणे ही कोणाला नवी वार्ता नाही; धावून जाणाऱ्याला निदान खोटे धावता येत नाही. शिवाय आरोग्य प्रशासनातले श्रेय एका मंत्र्याच्या नावे लिहिता येत नाही, आणि प्रतिभाताईंच्या कारकिर्दीने खानदेशाचा कायापालट केला असा माझा दावाही नाही. पण त्याच पट्ट्यातील एक घटना पाहा. २०२० मध्ये नर्मदेच्या फुगवट्यातून होडी वल्हवत पाड्यांवर जाणारी एक अंगणवाडी सेविका देशभर गाजली. छायाचित्रे होडीची निघाली, कौतुक वल्ह्याचे झाले. होडीत तराजू होता. ती बाळांची वजने घेत होती, गरोदर बायांची तपासणी करीत होती, त्यांचा आहार पोहोचवीत होती, आणि पुन्हा पुन्हा जात होती. एकदाच वल्हवत गेली असती तर ते साहस झाले असते. आठवड्यामागून आठवडे गेली म्हणून ती सेवा झाली. खोट्या हजेरीवर उतारा आहे तो खरी हजेरी हाच, वाढीव धावपळ नव्हे.

स्त्रीच्या ठिकाणी उपजत वात्सल्य असल्याने ती सेवेस योग्य, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. बंदूक हाती आल्याखेरीज समता नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की लष्करातून लेफ्टनंट जनरल या हुद्द्यापर्यंत चढलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, आणि धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील परीक्षा व पदव्या त्याच विद्यापीठाच्या हाती आहेत; त्यांच्या खांद्यावरच्या चिन्हांबद्दल जितके लिहिले गेले, त्याच्या दशांशही या दुसऱ्या कामाबद्दल लिहिले गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

धावून जाणे आणि आधीपासून हजर असणे यांतला हा भेद राज्यसंस्थेला स्वतःला कळत नाही असे नाही. चिनी युद्धाची आग विझल्यावर १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यातच वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि तो आजही उभा आहे; पुढल्या युद्धासाठी काडतुसे आधी लागतात, हे त्या वेळी कोणाला पटवून द्यावे लागले नाही. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला मात्र २०१८ उजाडावे लागले.

१९६२ च्या त्या महिला दलाच्या समादेशकाचे नाव इतिहासात गेले. रांगेत उभ्या राहिलेल्यांची नावे गेली नाहीत. तेव्हा विशीत असलेल्या त्या स्त्रिया आज ऐंशी ओलांडून पुढे गेल्या आहेत. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी आहेत, आणि आजीला विचारण्याइतका वेळ प्रत्येक घरात आहे. कोणत्या मैदानावर जमत होतात, काय शिकविले, घरून कोणी अडविले, किती दिवस गेलात, हे विचारून लिहून घ्यावे. हे काम पुढल्या दोन-तीन वर्षांत झाले नाही, तर ते कधीच होणार नाही.