लांपेचं नाव

वर्गात इमान्युएल कांट शिकवताना मी दरवर्षी त्याच्या दिनक्रमापासून सुरुवात करायचो. मुलं हसायची आणि पुढच्या अवघड भागाला निदान जागी राहायची. पहाटे पाचला मार्टिन लांपे हा निवृत्त शिपाई, त्याचा नोकर, खोलीत येऊन वेळ झाल्याचं सांगणार. मग फिकट चहा, एक चिलीम तंबाखू, सकाळची व्याख्यानं. एक वाजता पाहुण्यांसोबत जेवण, दिवसातलं एकमेव. दुपारी एकट्याने फेरफटका, तोही तोंड मिटून, कारण श्वास नाकानेच घ्यायचा. रात्री दहाला अंथरूण.

त्याला पाहून कोनिग्सबर्गचे लोक घड्याळं लावत, हेही मी रंगवून सांगे. ती गोष्ट मुळात कवी हाइनेने 1834 साली, कांट जाऊन तीस वर्षं झाल्यावर रंगवलेली, हे मात्र सांगत नसे. चाळिशीपर्यंत हा गृहस्थ पत्ते आणि बिलियर्ड्समध्ये रमायचा आणि ही शिस्त त्याने जोसेफ ग्रीन या इंग्रज व्यापारी मित्राकडून उचलली, हेही गाळायचो. मला पुतळा हवा होता. मी स्वतः त्याच जातीचा आहे अशी माझी समजूत होती ना!

सव्वासहाला चहा, साडेसहाला फिरणं, आठला न्याहारी. एकोणीस वर्षं यात फरक पडला नाही, आणि त्याचं श्रेय मी बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं. माझा सव्वासहाचा चहा म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाचला घरून निघालेल्या. भर पावसातसुद्धा.

लांपे कांटकडे चाळीसेक वर्षं होता. म्हातारपणी त्याचं पिणं वाढलं, भांडणं वाढली, आणि 1802 साली निवृत्तिवेतन ठरवून त्याला काढलं. नवा माणूस आला, तरी कांटच्या तोंडी जुनंच नाव येई. तेव्हा स्मरणशक्ती ढासळलेल्या त्या तत्त्वज्ञाने टिपून ठेवलं, की लांपे हे नाव आता पार विसरायचं आहे. विसरायचं म्हणून लिहून ठेवणारा विद्वान! वर्गात खसखस पिकायची. मीही हसायचो.

मावशींच्या हातून दूध उतू जायला लागलं, एकदोनदा गॅस चालू राहिला. दिवाळी झाल्यावर मी दोन महिन्यांचा पगार पाकिटात घालून दिला. बायको म्हणत होती, थांबू या, हलकी कामं देऊ. मी गॅसचं कारण पुढे केलं. खरं कारण वेगळं होतं: चहाला पावणेसात व्हायला लागले होते. नवी बाई आली, घड्याळ रुळावर आलं, आणि आठवडाभरात मावशी माझ्या मनातून गेल्या. मला कुठे काही टिपून ठेवावं लागलं नाही.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं सूत्र मी फळ्यावर लिहायचो आणि 'केवळ'खाली दोन रेघा मारायचो. पगार देऊन काम करून घेणं गैर नाही, हे समजावायला. त्या 'केवळ'च्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो. पगार वेळेवर, दिवाळीला साडी, आणखी काय हवं? सदसद्विवेक म्हणजे माणसाच्या आत भरलेलं न्यायालय, असं कांटने 1797च्या ग्रंथात मांडलं. माझ्या न्यायालयात वकीलही मीच होतो, आणि अशिलाला सोडवण्यात तरबेज होतो.

कांट गेला 12 फेब्रुवारी 1804 रोजी. जमीन इतकी गोठलेली, की दफन 28 तारखेला झालं. मृत्यूच्या नऊ दिवस आधी डॉक्टर भेटीला आले होते. कांटला धड उभं राहवत नव्हतं, शब्द जुळत नव्हते, पण तो बसेना. पाहुणा उभा असताना आपण बसायचं नाही, एवढं त्याच्यात शिल्लक होतं. देखभाल करणाऱ्या वासियान्स्कीने ते ओळखलं. डॉक्टर बसले, मग कांट बसला.

हा प्रसंग मी वर्गात नेहमी शेवटी ठेवायचो. सांगताना माझा आवाज भरून यायचा.

गेल्या मार्चमध्ये मावशी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. सकाळचे साडेसहा होत आलेले, माझ्या पायात बूट. पत्रिका मी उंबऱ्यातच घेतली, आत या म्हणालो नाही. त्यांनीच विचारलं, "सर, चहा झाला का?"

झाला, म्हणालो, आणि फिरायला निघालो.