माळ आधी, मन मागून

ऑक्टोबर 2002मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर एक कबुलीजबाब झळकला. मॅक सोडून विंडोजकडे आलेल्या एका स्त्रीचे ते मनोगत होते. आपण का बदललो, बदलून किती सुखी झालो, असा एकूण सूर. सोबत हसऱ्या चेहऱ्याचा फोटो. लवकरच चौकस वाचकांनी तो फोटो विकत मिळणाऱ्या छायाचित्रांच्या संग्रहातला असल्याचे शोधून काढले. मग वार्ताहरांनी छडा लावला, तेव्हा मजकूर लिहिणारी बाई मायक्रोसॉफ्टने नेमलेल्या जनसंपर्क कंपनीतली निघाली. लेख मुकाट्याने उतरवण्यात आला.

या फजितीपेक्षा लेखाचे शीर्षक अधिक बोलके होते. त्यात लेखिकेने स्वतःला ‘कन्व्हर्ट’ म्हटले होते, म्हणजे धर्मांतरित. वॉशिंग मशीनची कंपनी बदलणाऱ्याला हा शब्द कुणी लावत नाही.

संगणकाच्या जगात ही भाषा आधीपासून रुजलेली होती. 1980च्या दशकात गाय कावासाकी ॲपलमध्ये ‘इव्हँजेलिस्ट’ या हुद्द्यावर काम करत होते. मराठी ख्रिस्ती परंपरेत त्याला सुवार्तिक म्हणतात. 1994मध्ये उंबेर्तो एको यांनी इटलीच्या ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकातल्या सदरात मॅकला कॅथलिक आणि डॉसला प्रॉटेस्टंट ठरवून टाकले. मॅक भाविकाला चित्रे दाखवत, बोटाला धरून मोक्षापर्यंत नेतो. डॉस मात्र प्रत्येकाला शास्त्राचा अर्थ ज्याचा त्याने लावायला सांगतो, आणि सगळेच तरतील अशी हमीही देत नाही. एकोंनी ही गंमत केली होती. पण गंमत बाजूला ठेवली तरी तिच्याआडचा प्रश्न उरतोच, आणि तो धर्मशास्त्रातला जुना प्रश्न आहे. नुसत्या संदेशाने माणूस एका पंथातून दुसऱ्या पंथात जातो का?

योगायोगाने या प्रश्नाची एक मोठी आणि महागडी चाचणी झालेली आहे. जून 2002मध्ये ॲपलने ‘स्विच’ ही मोहीम सुरू केली. वृत्तपटकार एरॉल मॉरिस यांनी खऱ्याखुऱ्या माणसांना पांढऱ्या पडद्यासमोर उभे केले आणि विंडोज का सोडले ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. त्यातली एलन फाइस ही शाळकरी मुलगी तर रातोरात प्रसिद्ध झाली. वडिलांच्या पीसीवर लिहिलेला निबंध गडप झाल्याचे ती ‘बीप बीप’ असे आवाज काढत अशा काही सुस्त स्वरात सांगते, की लोकांनी जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली. साक्ष देणे हा धर्मप्रसाराचा सर्वांत जुना मार्ग. ‘मी चुकलेला होतो, आता सापडलो’ असे सांगणारा माणूस समोर असला की वाद घालायला जागाच उरत नाही.

आणि परिणाम? सप्टेंबर 2002ला संपलेल्या आर्थिक वर्षात ॲपलने सुमारे 31 लाख मॅक विकले. पुढच्या वर्षी तो आकडा घसरून 30 लाखांवर आला. साक्षी गाजल्या, मंडप मात्र भरला नाही.

मग 2006च्या मे महिन्यात ‘गेट अ मॅक’ आली. ऐटबाज तरुण जस्टिन लाँग म्हणजे मॅक, आणि कोट-टायमधला गुबगुबीत जॉन हॉजमन म्हणजे पीसी. साडेतीन वर्षांत या जोडीच्या 66 जाहिराती अमेरिकेत दाखवल्या गेल्या. विक्री 2006मध्ये 53 लाख, 2007मध्ये 70 लाख, 2008मध्ये 97 लाख. जाहिरात-व्यवसायातली मंडळी हे आकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण सांगताना 2005चे वर्ष हळूच वगळतात. त्या वर्षी ही जोडी जन्मालाही आली नव्हती, तरी विक्री 33 लाखांवरून 45 लाखांवर गेली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे नंतरच्या वर्षांतही बरेच काही एकदम घडले. मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले, ‘बूट कॅम्प’मुळे त्याच यंत्रावर विंडोज चालू लागले, आणि जानेवारी 2007मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने मायक्रोसॉफ्टच्याच भाविकांना छळले.

2005मध्ये काय झाले होते? त्या एका वर्षात सव्वादोन कोटी आयपॉड विकले गेले. विंडोज वापरणाऱ्यांच्या खिशात ॲपलची वस्तू शिरली, आणि तीही विंडोज न सोडता. धर्मेतिहासाचे अभ्यासक ए. डी. नॉक यांनी 1933च्या ‘कन्व्हर्जन’ या ग्रंथात अशा वागण्याला वेगळे नाव दिले आहे. जुने सगळे टाकून नव्याकडे वळणे हे धर्मांतर. जुने ठेवून नव्याला जोडून घेणे ही केवळ संलग्नता. रोमन जगातला माणूस इसिसच्या देवळातही जाई आणि घरचे देवही पुजत राही. बूट कॅम्पवाला मॅक घेऊन त्यावर कार्यालयाचे विंडोज चालवणारा गृहस्थ याच जातीचा. जाहिरातीत दिसतात ते सगळे नॉकच्या पहिल्या प्रकारातले, दुकानात येतात ते बहुतेक दुसऱ्या.

यंत्र आणि श्रद्धा या दोन्हींवर अधिकाराने बोलू शकेल असा एक माणूस सतराव्या शतकात होऊन गेला. ब्लेझ पास्कालने 1642मध्ये, विशीच्या आतच, करवसुलीच्या हिशेबात बुडालेल्या वडिलांसाठी आकडेमोडीचे यंत्र बनवायला घेतले. त्याच पास्कालने पुढे ‘पाँसे’मध्ये अशा माणसाचा विचार केला, ज्याला युक्तिवाद पटतो पण श्रद्धा काही येत नाही. त्याला पास्काल आणखी पुरावे देत बसत नाही. तो सांगतो, भाविक जे करतात ते करू लाग. तीर्थ घे, मिस्साला जा, मन मागून येईल. सवयीने चालणाऱ्या देहाला तो ‘यंत्र’च म्हणतो. वारकऱ्यांना हे फ्रान्सहून शिकायला नको. पंथात येणाऱ्याची कुणी सिद्धान्तावर परीक्षा घेत नाही. तुळशीची माळ घालायची, अभक्ष्य सोडायचे, वारी धरायची. अनुभव वाटेत येतो.

संगणकाचा पंथही असाच अंगात मुरलेला असतो. विंडोजवर करंगळी ‘कंट्रोल’ शोधते, मॅकवर अंगठा ‘कमांड’. खिडकी बंद करायला हात एकीकडे उजवीकडे जातो, दुसरीकडे डावीकडे. तीस सेकंदांची जाहिरात बुद्धीशी बोलते, फार तर हसवते; करंगळीपर्यंत ती पोहोचत नाही.

मराठी छापखान्यांना तर हे कुणी समजावून सांगायला नको. श्रीलिपीत वर्षानुवर्षे अक्षरजुळणी केलेली पुस्तके, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांच्या फाइली, हे सगळे विंडोजला बांधलेले. तोच मजकूर दुसरीकडे उघडला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. एलन फाइसने कितीही ‘बीप बीप’ केले असते तरी डीटीपीवाल्याने मान वर केली नसती. पुढे युनिकोडने थोडी वाट मोकळी केली, आणि युनिकोडची टीव्हीवर कधी जाहिरात लागली नाही.

मग एवढा पैसा जातो कुणासाठी? 1957मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नव्या मोटारी घेतलेल्यांची पाहणी केली. ही माणसे सर्वांत जास्त कोणत्या जाहिराती वाचत होती? आपण नुकत्याच घेतलेल्या गाडीच्या. विचार करून नाकारलेल्या गाड्यांच्या जाहिरातींकडे त्यांचे त्या मानाने कमी लक्ष होते. ब्रिटिश अभ्यासक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी 1974मध्ये हेच अधिक व्यापक करून मांडले, की जाहिरातीचे मुख्य काम असलेल्या गिऱ्हाइकाला धरून ठेवणे हे आहे. म्हणजे लाँग-हॉजमन जोडीचे प्रवचन आधीच माळ घातलेल्यांसाठी होते. ‘माझ्याकडे मॅक आहे’ असे लाँग म्हणत नाही, ‘मी मॅक आहे’ म्हणतो, आणि हे वाक्य आधीच मॅकवाला असलेल्यालाच गोड लागते.

तरी जाहिरातीच्या पदरात काहीच टाकायचे नाही, हा अन्याय होईल. आधीच कुंपणावर बसलेल्याला ती उडी मारायचे निमित्त देते. मात्र कुंपणावर त्याला कुणी दुसराच चढवतो. समाजशास्त्रज्ञ जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी 1960च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका छोट्या नव्या पंथाचा अभ्यास केला. व्याख्याने आणि प्रसिद्धीतून हाती फारसे काही लागत नव्हते. आत आले ते मुख्यतः ज्यांची आतल्या कुणाशी मैत्री जमली होती असे. ॲपलची स्वतःची दुकाने 2001मध्ये सुरू झाली, आणि तिथे मॅक घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक मॅकला नवे असतात, असे कंपनी अनेक वर्षे सांगत आली. दुकानात यंत्राला हात लावता येतो, आणि शेजारी उभा असलेला मुलगा अडलेले सोडवून देतो.

खुद्द प्रवचनकारांचे पुढे काय झाले? नोव्हेंबर 2020मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची चिप असलेले मॅक जाहीर केले, तेव्हा कार्यक्रमाच्या शेवटी हॉजमन त्याच जुन्या अवतारात, पीसी म्हणूनच, हजर झाले. चार महिन्यांनी जस्टिन लाँग इंटेलच्या जाहिरातींत पीसीचे गुण गाताना दिसले. आणि 2024मध्ये क्वालकॉमच्या चित्रफितीत ते मॅकसमोर बसलेले दिसतात. पडद्यावर एकामागून एक सूचना आदळत असतात, आणि वैतागलेले लाँग क्वालकॉमच्याच स्नॅपड्रॅगन चिपचा पीसी कुठे मिळेल ते शोधू लागतात.