गाडी चालू आहे काय?

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात मला फारसा अवघड वाटला नव्हता. माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती त्याची होते, असे जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवले आहे. परीक्षेपुरते तेवढे पुरले. पुढे २०१२ साली मी एक जुनी जिप्सी विकत घेतली. लॉकच्या हिशेबाने ती माझ्यापेक्षा आमच्या मिस्त्रींचीच अधिक आहे, हे वर्षभरातच ध्यानात आले!

जिप्सी घेण्याला कारण आमचा मुलूख. खानापूर तालुक्याचा कणकुंबी-जांबोटीकडचा भाग ज्यांनी मृगापासून हस्तापर्यंत पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. घरात म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुले, आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तांबडी राड. साधी मोटार तिथे जूनमध्ये रुतायची ती गणपतीलाच निघायची. मारुतीने १९८५ च्या डिसेंबरात ही गाडी आणली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ च्या 'किंग'पासून ते १२९८ सीसीचे झाले. २०१९ मध्ये सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी तिचे उत्पादन थांबले. माझी २००७ ची आहे. पुढेमागे चारीकडे पाटे असल्यामुळे आई तिला बैलगाडीच म्हणायची, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

चार चाकांना ताकद मिळते म्हणजे काय होते, हे इथे थोडे सांगितले पाहिजे. एरवी जिप्सीची मागचीच दोन चाके ओढतात. छोटा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि सगळा ताण गिअरांवर येतो. म्हणून डांबर लागताच दांडा काढायचा. पण वर्षभर काढूनच ठेवला तर तो अडकून बसतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर लावून चालवावे लागते. ओढ्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे तेल बघायचे. ते दुधाळ दिसले की आत पाणी शिरले म्हणून समजायचे. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, पाट्यांच्या पिनांना ग्रीस. हे सारे मे महिन्यात, पावसाच्या आधी. नेमक्या त्याच महिन्यात मुलांना गोव्याला जायचे असते. आमची गोव्याची प्रत्येक सहल चोर्ला घाटातून बसने झाली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे रात्री-अपरात्री दारात येणारा माणूस कधी "गाडी द्या" म्हणत नाही. तो विचारतो, "सर, गाडी चालू हाय काय वो?" कानडी बोलणारा असेल तर, "सर, गाडी ऐतेन्री?" सीमेच्या या बाजूला कशाकशावरून वाद झाले, पण या प्रश्नाची रीत दोन्ही भाषांत एकच आहे. यात फार मोठी सभ्यता आहे. विचारणारा मला सुटायला वाट ठेवतो. "नाही हो, बंद आहे," म्हटले की तो परत जातो. त्याचा अपमान होत नाही आणि माझा नकारही होत नाही.

माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडेही जिप्सीच आहे. ते मृग लागला की तिची बॅटरी काढून माडीवर ठेवतात. "खोटं बोलावं लागत नाही," म्हणतात. माणूस वाईट नाही. शाळेच्या इमारतीला त्यांनी न मागता देणगी दिली आहे. पण त्यांचे हे सत्य धर्मराजाच्या त्या प्रसिद्ध अर्धसत्याच्या फार जवळचे आहे, असे मला वाटते. शब्द खरे, आणि ते खरे ठरावेत म्हणून व्यवस्था आधीच केलेली.

पीटर सिंगर यांनी १९७२ साली एका निबंधात दिलेले उदाहरण पुढे जगभर गाजले. उथळ तळ्यात मूल बुडते आहे. जाणाऱ्याने कपडे चिखलाने भरले तरी आत उतरून त्याला काढावे. याला कोण नाही म्हणेल? पण त्या उदाहरणातला माणूस धडधाकट पायांनी तिथे आयताच उभा आहे. आमच्याकडचे तळे असे अवचित भेटत नाही. ते दर जूनला येते. म्हणून "हाक आली तर जाईन" एवढे म्हणून भागत नाही. मे महिन्यात ग्रीस न मारणारा माणूस ऑगस्टमधल्या हाकेला आधीच नाही म्हणून बसलेला असतो, फक्त कोणाला म्हणाला ते त्याला ठाऊक नसते.

यावर सौ.चा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. "ही गाडी घरासाठी घेतली की गावासाठी? ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना कोणी काही विचारत नाही. तुम्ही पदरचे पैसे घालून कर्तव्य विकत आणलंत." गांधीजींचा विश्वस्ताचा विचार मी पुढे केला. पण विश्वस्ताच्या आईला त्याच रात्री दम लागला तर त्याने काय करावे, याचे उत्तर त्यातून माझ्या हाती लागले नाही.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुराच्या दिवसांत एका वाडीवरची बाई अडली होती. आईलाही त्या रात्री बरे नव्हते. सौ.ने आईच्या उशाशी बसून मला जायला सांगितले. नाल्यापाशी पोचलो, तर पाणी चाकाच्या मध्याच्या वर. "फोर-व्हील हाय की, जाईल," असे बरोबरचे म्हणत होते. गाडी हजार किलोच्या आतबाहेरची. वाहते पाणी तिला उचलायला वेळ लावत नाही, आणि चारी चाके तरंगली तर चारही निरुपयोगी. मी नाही म्हणालो. ते नाही आणि बॅटरी काढून ठेवणाऱ्याचे नाही यांत मला फरक वाटतो. अंधारात उभ्या असलेल्या नवऱ्याला तो त्या क्षणी वाटला असेल, असा माझा दावा नाही. शेवटी बाईला वरच्या साकवावरून बाजल्यावर घालून चौघांनी अलीकडे आणले आणि तिथून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात नेले. मुलगी झाली. आई सकाळी चहा मागत होती.

अशा वेळी पैसे घेत नाही. खाजगी नोंदणीच्या गाडीला भाडे घेता येत नाही, हे कायद्याचे कारण मी पुढे करतो. लोक फणस आणून ठेवतात. फणसाला परमिट लागत नाही!

२०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. त्याच एप्रिलपासून पुनर्नोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, ती भरली. २०२७ मध्ये पुन्हा भरायची आहे. मुलगा आता पुण्यात असतो. तो म्हणतो, काढून टाका. आणि आमच्या त्याच स्नेह्यांनी, माडीवर बॅटरी ठेवणाऱ्यांनी, ती मागितली आहे. त्यांच्या गाडीला सुटे भाग हवे आहेत आणि किंमत चांगली देतात. विकण्याचा हक्क माझाच, त्याबद्दल लॉकला किंवा कुणालाच शंका नसावी. सौ.ला विचारले. ती म्हणाली, "विका की. पण पावसाळ्याआधी की नंतर, ते तुम्हीच ठरवा."