खेळातला कच्चा लिंबू

आमचा एक धर्मपुत्र राजगुरुनगरला राहतो. वय वर्षे सहा. त्याचे वडील चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात, आई गावातच एका दवाखान्यात नोकरी करते आणि घरी आजी असते. गेल्या नाताळच्या सुमारास दुबईला असलेल्या काकांनी मुलासाठी टीव्हीला जोडून खेळायचे निन्टेन्डोचे यंत्र आणले. यंत्र आले, परंतु त्यावर खेळायचे खेळ कोणते घ्यावेत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून मुलाच्या वडिलांनी आम्हां उभयतांना फोन केला. "स्नानसंस्काराच्या वेळी देवळात त्याच्या वतीने उत्तरे तुम्हीच दिली होती. आता याचेही उत्तर तुम्हीच द्या," असे ते हसत हसत म्हणाले. त्यांनी ते थट्टेने म्हटले असेल. आम्हांस मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

आमच्या पिढीने ही यंत्रे प्रथम पाहिली ती नव्वदच्या दशकात. मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकला तेव्हा बाजारात येत. त्यांना सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत. एकाच डबीत लाखो खेळ असल्याची बढाई वेष्टनावर छापलेली असे आणि प्रत्यक्षात तेच पाचसहा खेळ पुन्हा पुन्हा येत. मिशीवाला मारिओ, दोन शिपायांचा 'काँट्रा' आणि प्लॅस्टिकच्या पिस्तुलाने मारायची बदके. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आज तो आहे, आणि दुकानदाराला विचारून तो सुटत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. दुकानदार जे खपते ते दाखवतो.

खेळाच्या डब्यावर वयाचा आकडा असतो, हे आम्हांस ठाऊक होते. युरोपात २००३ पासून 'पेगी' नावाची पद्धत आहे. तिचे आकडे ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. अमेरिकेतील मंडळ १९९४ चे. 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या खेळांतील रक्तपातावरून डिसेंबर १९९३ मध्ये तेथील सिनेटपुढे सुनावणी झाली आणि सरकारने कायदा करण्यापूर्वीच धंद्याने आपले मंडळ स्थापून घेतले. आपल्याकडे मिळणाऱ्या डब्यांवरही बहुधा यांतलीच एखादी खूण दिसते. तेव्हा ३ किंवा ७ आकडा पाहावा, खेळ घ्यावा आणि कर्तव्यातून मोकळे व्हावे, असे प्रथम वाटले.

परंतु त्या आकड्याचा अर्थ नीट पाहू गेल्यावर आमचा धीर सुटला. फुटबॉलचा प्रसिद्ध खेळ 'फिफा' घ्या. त्यावर आकडा होता ३. खेळात रक्त नाही, शिवी नाही, अंगप्रदर्शन नाही. मात्र त्याच खेळात खेळाडूंच्या चित्रांची बंद पाकिटे पैसे मोजून घेता येत. आत कोण निघेल हे पाकीट फोडल्यावरच कळे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा विक्रीला जुगार ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या कंपनीला तेथे ती थांबवावी लागली. पुढे २०२० पासून 'पेगी'ने अशा खेळांच्या डब्यांवर एक वेगळी ओळ छापावयास लावली. आकडा होता तोच राहिला. म्हणजे तो आकडा मुलाच्या डोळ्यांपुढे काय येईल ते सांगतो. मुलाच्या मनात कोणती हाव रुजेल याबद्दल तो तेव्हा मौन पाळत होता. आपल्या धर्मशिक्षणात हाव हे सात मूळ पापांपैकी एक मानले आहे, हिंसेइतकेच जुने.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय घेतला होता. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ खेळांचा त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत निषेध केला. त्या निषेधाचीच चर्चा अधिक झाली. वास्तविक त्याच संदेशात त्यांनी, मुलापुढे जे सुंदर आणि उत्तम आहे ते ठेवणे हेच माध्यमशिक्षण, असेही सुचवले होते. नको ते वगळणे सोपे. हवे ते कोणते, हे सांगणे कठीण.

नको ते वगळणेही वाटते तितके सोपे नाही, हे शेजारच्या चुलतभावाने आम्हांस दाखवून दिले. तो बारा वर्षांचा आहे. यंत्रावर गोळीबाराचा खेळ यावा ही त्याची इच्छा. आम्ही नाही म्हणताच तो म्हणाला, "मग राजगुरूंनी नव्हती का गोळी झाडली? आपल्या गावाला तर त्यांचंच नाव आहे."

मूळच्या खेडचे राजगुरुनगर झाले ते याच गावी १९०८ मध्ये जन्मलेल्या शिवराम हरी राजगुरूंमुळे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला सॉन्डर्सवर पहिली गोळी त्यांनीच झाडली. त्या मुलाला काय उत्तर द्यावे हे आम्हांस चटकन सुचले नाही. आम्ही एवढेच म्हणालो की त्या गोळीने एक माणूस खरोखर मेला आणि तो पुन्हा उठला नाही. आणि ती झाडणाऱ्यालाही वयाच्या बाविसाव्या वर्षी, २३ मार्च १९३१ रोजी, फासावर जावे लागले. हुतात्म्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही ख्रिस्ती मनाला त्या दिवशी एक जीव गेला हे विसरता येत नाही, आणि स्वतः राजगुरू त्या गोळीची किंमत जाणून होते, असे आम्हांस वाटते. खेळातल्या गोळीला किंमतच नसते. बटण दाबले की मेलेला उठतो, मारणाराही उठतो. मुलगा ऐकून गप्प राहिला. त्याला पटले की नाही, सांगता येत नाही.

आम्ही सर्वस्वी खरे बोलत होतो काय? लहानपणी काठीची बंदूक करून चोर-पोलीस आम्हीही खेळलोच होतो, आणि आमचे मेलेलेही उठत होतेच. मात्र एक गोष्ट आठवते. "मेलास!" म्हणून ओरडले की समोरचा हमखास म्हणे, "मी नाही मेलो, तुझी गोळी लागलीच नाही." मग भांडण होई, खेळ थांबे, कोणीतरी मोठा मध्ये पडे, तोडगा निघे आणि खेळ पुन्हा सुरू होई. आज विचार करता त्या खेळातला अर्धा वेळ भांडणातच जाई आणि खरा खेळ बहुधा तोच होता. यंत्राशी असे भांडता येत नाही. त्याने मेला म्हटले की मेला.

येथे आम्हांस आपल्या गल्लीतला कच्चा लिंबू आठवला. लपाछपी असो, आट्यापाट्या असोत, खेळात एखादे शेंबडे पोर असायचेच. कोणाचा तरी धाकटा भाऊ, जो बरोबर नसेल तर आईने थोरल्यालाही खेळायला सोडले नसते. त्याला कच्चा लिंबू करीत. तो सर्वांबरोबर धावे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. ही सवलत कोणत्या नियमात लिहिलेली नव्हती. ती आठदहा वर्षांची पोरे देत असत, आणि देताना त्यांना आपल्या जिंकण्याच्या हौसेला थोडी मुरड घालावी लागे. आपल्याहून दुबळ्याला सामावून घेण्याचा आमचा पहिला पाठ धर्मशिक्षणाच्या वर्गात झाला नाही. तो धुळीत झाला.

आता गंमत पाहा. आम्ही ज्या खेळावर अखेर थांबलो तो मारिओच्या गाड्यांच्या शर्यतीचा, २०१७ सालचा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. त्यात लहान मुलासाठी अशी सोय आहे की गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली तर यंत्र तिला आपोआप आत वळवते. हवे तर वेगही तेच देते. सहा वर्षांचे मूल थोरल्यांबरोबर शर्यत पुरी करू शकते. म्हणजे कच्चा लिंबू आहेच. फक्त त्याला सवलत यंत्र देते. थोरल्याला काहीच सोडावे लागत नाही. धाकट्याची सोय झाली, थोरल्याचा पाठ बुडाला.

म्हणून आमच्या निवडीची कसोटी हळूहळू बदलली. खेळात काय आहे, हे पाहावेच. पण त्याहून अधिक हे पाहावे की खेळताना शेजारी कोण बसू शकतो आणि त्याला काही करावे लागते की नाही. 'सुपर मारिओ ओडिसी'त एक मारिओला चालवतो आणि दुसरा त्याच्या टोपीला. टोपीवाला जाणता असेल तर तो मारिओपुढच्या अडचणी दूर करीत जातो. बाप-लेकांसाठी यापेक्षा चांगली योजना आम्हांस आढळली नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये ठोकळे रचून घर बांधता येते. दोघे बांधू लागले की दार कोठे ठेवायचे यावरून भांडण ठरलेलेच. ते आम्हांस हवेच होते. जाता जाता एक गोष्ट: २००९ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने प्लेस्टेशनसाठी 'देसी अड्डा' नावाचा खेळ काढला. त्यात कबड्डी, पतंग आणि विटीदांडू होते. विटीदांडू पडद्यावर! भीमेच्या काठच्या गावातील मुलाने तो तेथे शिकावा, यापुढे काय बोलणार?

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारी माणसे आपल्या समाजात आहेत. ख्रिस्तसभेच्या परंपरेने मात्र तसे मानलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला आत्म्याची विश्रांती म्हटले आहे. त्याचा अतिरेक हा दोष, तसा पूर्ण अभावही दोषच. प्रेषित योहानाची जुनी आख्यायिकाही ते सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काहींना धक्का बसला. तेव्हा त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला त्याने बाणांमागून बाण सोडावयास लावले आणि विचारले, असे सतत करीत राहशील काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. तूरिनमधील संत जॉन बॉस्को तर मुलांच्या खेळातच उभे राहत. शिक्षकाने मैदानात असावे, खिडकीतून पाहू नये, ही त्यांच्या पद्धतीची जवळजवळ पहिलीच अट. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्यांना पोप लिओ चौदावे यांनी संत घोषित केले, ते कार्लो अक्युटिस स्वतः प्लेस्टेशन खेळत. आठवड्याला एक तास, अशी मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. कार्लोंचे हे उदाहरण हल्ली पालक मुलांना फार ऐकवतात. ती मर्यादा त्यांनी स्वतः घातली होती, हा शब्द त्यात गळून जातो. सहा वर्षांचे मूल ती घालू शकत नाही. त्याच्यासाठी ती दुसऱ्याने घालायची, आणि घालणाऱ्याने त्या तासाला हजर राहायचे.

हे सारे आम्ही फोनवर मुलाच्या वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी येऊन झोपतो. दोन खोल्यांचं घर. तेव्हा त्याच्याबरोबर कोण बसणार? खरं सांगू, तो गप्प बसावा म्हणूनच मशीन हवं होतं."

या प्रश्नाने आमची सारी विद्वत्ता खाली बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, हे तेव्हाच्या चौकशांत नोंदले गेले आहे. मूल निजावे आणि आईला पाळी भरता यावी, एवढ्यासाठी. त्या आयांना दोष देणारे तेव्हाही पुष्कळ होते. दोष देणाऱ्यांनी मूल सांभाळले, असे काही ऐकिवात नाही. टीव्हीवरचा खेळ म्हणजे अफू असे आम्ही म्हणत नाही; ती तुलना अन्यायाची होईल. परंतु कारखान्याचा भोंगा घराचा दिनक्रम ठरवू लागला की मुलाला शांत ठेवण्याचे साधन घरात येते, मग ते कोणत्याही शतकातले असो. चाकणमध्ये मोटारी तयार होतात, त्या देशभर जातात. त्या मोटारींच्या किमतीत राजगुरुनगरच्या दोन खोल्यांतली ही शांतता कोठेतरी मोजली गेली आहे काय, हा प्रश्न आम्हां वरवर सल्ला देणाऱ्यांना विचारता येत नाही. पण तो मनातून जातही नाही.

आम्ही भोसरीला राहतो. राजगुरुनगर तेथून एरवी तासाभरावर. चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या तर किती वेळ लागेल याचा नेम नाही. स्नानसंस्काराच्या वेळी आम्ही जे कबूल केले होते त्यात हा रस्ता धरलेला नव्हता. तरी रात्रपाळीच्या आठवड्यातल्या एका रविवारी, मिस्सा आटोपून, आम्ही तिकडे गेलो. आतल्या खोलीत वडील झोपले होते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. यंत्राच्या दोन बाजूंचे दोन छोटे कंट्रोलर सोडवून एक मुलाने घेतला होता आणि दुसरा आजीच्या हातात होता. यंत्राची आपोआप वळवण्याची सोय बंद झालेली होती. ती बंद आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. आजीची गाडी उलट्या दिशेने चालली होती आणि ढगावरचे कासव तिला मागे वळण्याची पाटी दाखवत होते.

मुलाने आपली गाडी थांबवली. बाकीचे सारे पुढे निघून गेले. "थांब, आजी कच्चा लिंबू आहे," तो आमच्याकडे न पाहताच कुजबुजला. हा शब्द त्याला कोणी शिकवला, देव जाणे. आजीला गाडी वळवायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या फेरीत मात्र तो थांबला नाही.