बाळ रडलं, तर बाहेर कोणी जायचं?

आजचं शुभवर्तमान : मार्क १०:१३-१६



आजचं वाचन जेमतेम चार वचनांचं आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते तोंडपाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर त्याचं चित्र असायचं. एक बाळ प्रभूच्या मांडीवर, दोन-तीन बाजूला, सगळी गुटगुटीत आणि शहाण्यासारखी बसलेली. त्या चित्रातलं एकही मूल रडत नाही. त्यामुळे या वाचनात रागवारागवी आहे, आणि तीही दोनदा, हे आपण विसरूनच जातो.

मोबाईलवर बायबल उघडा आणि पुन्हा एकदा सावकाश वाचा. शिष्य कोणाला दटावतात? त्यांची बोलणी बसतात ती मुलांना घेऊन येणाऱ्यांना. म्हणजे ज्यांनी पोराला कडेवर घेतलं, उन्हातून चालत आणलं आणि प्रभूचा हात त्याच्या डोक्यावर पडावा एवढीच इच्छा धरली, त्यांना.

शिष्य वाईट माणसं होती का? मला तसं वाटत नाही. याच अध्यायात थोडं वर बघा. परुशी येऊन घटस्फोटाचा अवघड प्रश्न टाकून गेलेत, घरात गेल्यावर शिष्यांनीही त्यावर पुन्हा विचारलंय. वाट यरुशलेमची आहे. पुढे काय वाढून ठेवलंय ते प्रभूने दोनदा सांगून झालंय. अशा वेळी कोणीतरी तान्ही पोरं घेऊन येतं! शिष्यांना वाटलं असणार, गुरुजींना जरा शांतता मिळू दे. त्यांच्या लेखी ती सेवाच होती. आपल्या चर्चच्या दारात पट्टा लावून उभे असणारे स्वयंसेवक काकाही सेवाच करत असतात.

आणि त्या सेवेवर प्रभू संतापतो. हा प्रसंग मत्तय सांगतो, लूकही सांगतो, पण प्रभूला राग आला हे फक्त मार्क लिहून ठेवतो. लूक दुसरीच एक गोष्ट जपतो. तो ‘मुलं’ असा मोघम शब्द न वापरता अगदी तान्ह्या बाळासाठीचा ग्रीक शब्द वापरतो, ब्रेफोस. गव्हाणीत निजलेल्या येशूबाळासाठीही लूकने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे ज्याला दारातून परत पाठवायला निघाले होते, तो त्या गव्हाणीतल्या बाळाच्याच जातीचा होता.

आता आपल्याकडे येऊ या.

मी आमच्या धर्मग्रामात वाचक आहे. वाचनपीठावर उभं राहिलं की जे बाकावरून दिसत नाही ते दिसतं. नऊच्या मिस्सेला मागच्या दाराबाहेर, लावलेल्या मोटारसायकलींच्या बाजूला, चार-पाच आया उभ्या असतात. कधी एखादा बाबाही. खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली, कडेवर पोर. पहिलं वाचन सुरू होताना त्या आत असतात, प्रवचनापर्यंत बाहेर गेलेल्या असतात. कोणी त्यांना हाकललेलं नसतं. फक्त बाळाने ‘आऊ’ केलं की पुढच्या तीन रांगांतल्या माना वळतात. खेळण्यातली गाडी फरशीवर पडली की कोणीतरी जिभेने ‘च्च’ करतं. तेवढं पुरतं.

अशा एका मैत्रिणीने मला सांगितलं, “दर रविवारी चर्चला जाते गं. मिस्सा मिळून मात्र दोन वर्षं झाली.”

तिचा आठवडा बघा. नालासोपाऱ्याला वन बीएचके, दोघांच्या नोकऱ्या, सकाळची चर्चगेट लोकल, संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायची धावपळ. नवरा जहाजावर किंवा गल्फमध्ये असेल, तर हे सगळं एकटीने. वसईतल्या आणि गोव्यातल्या किती घरांची ही रोजची गोष्ट आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून रविवारी सकाळी दोन वर्षांच्या पोराला बूट घालायचे, त्याने एक बूट लिफ्टमध्ये काढायचा, रिक्षा मिळेपर्यंत घामाघूम व्हायचं, आणि चर्चमध्ये पोचल्यावर पंधराव्या मिनिटाला मोटारसायकलींपाशी जाऊन उभं राहायचं. मग नवराबायको वाटून घेतात, तो सातच्या मिस्सेला, ती नऊच्या. मग एकाचं सुटतं. मग दोघांचं सुटतं. ‘जरा मोठा झाला की येऊ’, असं ठरतं. पुढे कोमुनियोच्या वर्गाची नावनोंदणी निघते तेव्हा पोर सात-आठ वर्षांचं असतं, त्याला चर्च परकं असतं आणि आईबाबांनाही थोडं परकंच झालेलं असतं. त्यांना सोडून जायचं नव्हतं. ते फक्त दाराबाहेर उभे होते आणि आत कोणी बोलावलं नाही.

आता याच बाळाचा स्नानसंस्कार आठवा. धर्मगुरू बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. त्याआधी ते त्याचं स्वागत करतात, आणि ते स्वागत ख्रिस्तसभेच्या नावाने असतं. म्हणजे ते तुमच्या-माझ्या, बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या वतीने होतं. फोटोंच्या गडबडीत आपल्या लक्षात येत नाही, पण त्या दिवशी शब्द आपणही दिलेला असतो.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपल्याला अंधारातही ठेवलेलं नाही. पोप दहावे पायस यांनी १९१० साली पहिल्या कोमुनियोचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. तोवर बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवलं जायचं. १९७३ साली रोमहून मुलांच्या मिस्सांविषयी एक मार्गदर्शिका आली. त्यात म्हटलंय की मोठ्यांच्या मिस्सेतही मुलांना आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटू नये, आणि धर्मगुरूंनी दोन शब्द थेट मुलांशी बोलावेत. जी अगदी लहान आहेत, ज्यांना अजून भाग घेता येत नाही, त्यांना धर्मग्रामातल्या मदतनिसांनी वेगळ्या जागी सांभाळावं आणि शेवटी सगळ्यांसोबत आशीर्वादासाठी आत आणावं, अशी सोयही त्यात सुचवली आहे. इथे ‘मदतनिसांनी’ या शब्दापाशी जरा थांबा. आपण काय करतो? काचेमागे एक खोली बांधतो, त्यात खरखरणारा स्पीकर लावतो, आणि बाळासोबत आईलाही आत पाठवतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली सिस्टीन चॅपेलमध्ये बाळांचा स्नानसंस्कार करताना आयांना सांगितलं होतं की बाळं भुकेने रडत असतील तर इथेच पाजा. मायकेलअँजेलोच्या त्या जगप्रसिद्ध चित्रांखाली! आमच्याकडे पंखा आणि पडदा असलेला एक कोपरा मिळाला तरी पुष्कळ झालं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. कानाला यंत्र लावलेल्या आजोबांना प्रवचन ऐकायचं असतं. आठवड्यात नवरा गेलेल्या एखादीला तासभर शांत रडायचं असतं. मूल वेदीवरच्या मेणबत्तीकडे धावलं तर त्याला आवरावंच लागतं. कधीकधी बाळाला बाहेर न्यावंच लागतं, आणि समजूतदार आईबाप ते नेतातही. माझा प्रश्न एवढाच आहे : प्रत्येक वेळी आईनेच का?

वसईच्या वाड्यांमधल्या जुन्या माणसांना विचारा. पोर चर्चमध्ये एका हातावर कधी राहायचंच नाही. आजीकडून काकूकडे, काकूकडून मावशीकडे, तिथून मागच्या बाकावरच्या शेजारणीकडे. आईला ख्रिस्तशरीर स्वीकारून डोळे मिटायला दोन मिनिटं मिळायची. फ्लॅटमध्ये राहायला आलो, काकू आणि मावशी मागे राहिल्या. ते हात आता धर्मग्रामाला पुरवावे लागतील, दुसरं कोण पुरवणार?

आणि इथे मी तुमच्याकडे बघतेय. तुम्ही तेवीस-चोवीस वर्षांचे आहात, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसता (का, ते प्रभूला ठाऊक आहे), आणि ती आई तुमच्यापासून चार फुटांवर उभी असते. तुमच्याहून सोयीच्या जागी अख्ख्या चर्चमध्ये कोणी नाही.

एक सांभाळा. कोणाचंही मूल उचलायला धावू नका. आधी ओळख करून घ्या. मिस्सा संपल्यावर बोला, बाळाचं नाव विचारा, दोन-तीन रविवार जाऊ द्या. मग विचारा, “ताई, कोमुनियोच्या वेळी मी याला बघू का? तुमच्या नजरेसमोरच थांबते.” ती नको म्हणाली तर नको. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम ख्रिस्तसभेने उगाच केलेले नाहीत. एकट्याने मुलाला आडबाजूला न्यायचं नाही, हे तर पक्कंच. पण बाकावर सरकून जागा करायला, पिशवी धरायला, पाळणागाडी पायऱ्यांवरून उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांना पुढे बसवा. मागे बसलेल्या मुलाला तासभर मोठ्यांच्या पाठी दिसतात, पुढे त्याला वेदी दिसते, मेणबत्त्या दिसतात, फादर काय करतायत ते दिसतं. फादरांशीही बोला. मिस्सेच्या सुरुवातीला त्यांनी ‘मुलांचा आवाज आला तर मला चालतो’ एवढं म्हटलं, तरी अर्ध्या माना वळायच्या थांबतील. ज्यांचं मूल स्वमग्न आहे, ज्याला घंटेचा आणि गर्दीचा त्रास होतो, त्या आईबाबांना तर आधी घरी जाऊन विचारा की तुम्हाला कसं सोयीचं पडेल.

तुमच्या लघु ख्रिस्ती समूहात कोणाकडे बाळ झालं असेल तर ‘बाळ बघायला’ जाताना वरणभाताचा डबा घेऊन जा. चहा मागू नका. भांडी दिसली तर घासून या.

आजच्या वाचनात शेवटी प्रभू काय करतो बघा. वाट यरुशलेमची आहे, घाईचं निमित्त त्याच्याकडे नक्कीच होतं. लोकांनी मागितला होता फक्त स्पर्श. तो मुलांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. त्यानंतरच मार्क लिहितो की प्रभू पुढच्या वाटेला लागला.

प्रार्थना करू या.

प्रभू येशू, आज रात्री ज्या घरात बाळ झोपत नाहीये आणि सकाळी सहाची लोकल आहे, त्या घराजवळ राहा. जहाजावरून व्हिडिओ कॉलवर आपलं मूल बघणाऱ्या बाबांजवळ राहा. ज्या आया रविवारी दाराबाहेर उभ्या असतात, त्यांची नावं आम्हाला कळू दे. आमच्या बाकावर जागा आहे. आम्हाला सरकून बसायला शिकव. आमेन.