टाकलेलं उत्तर

दहावीला बीजगणित आणि भूमिती अशी दोन वेगळी पुस्तकं होती. भूमिती निदान डोळ्यांना दिसायची. बीजगणितात वर्गसमीकरण आलं तेव्हा सगळा वर्ग गार पडला. एका प्रश्नाला दोन उत्तरं, आणि त्यातलं एक टाकून द्यायचं!

सर म्हणायचे, "टाका, पण आधी लिहा. तेही समीकरणात बसतं, खोटं नाही. का टाकलं ते लिहा. कारण न लिहिता टाकलंत तर एक गुण कापीन."

एकदा त्यांनी घरचंच काही घेऊन उदाहरण करून आणायला सांगितलं. मी आमचं दोन एकरांचं रान घेतलं. आबा आणि चुलते नाना यांचं निम्मं-निम्मं, एकूण ८० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फुटांचा चौरस, म्हणून ३३ फुटांची दोरी हे माप धरलं. लांबी रुंदीपेक्षा दोन दोऱ्या जास्त. रुंदी क्ष मानली. क्ष(क्ष + २) = ८०. अवयव पाडले तर क्ष ८ किंवा उणे १०. रुंदी उणे नसते, असं कारण लिहून उणे १० टाकलं. लांबी १० दोऱ्या आली. म्हणजे मधल्या बांधाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच.

ताळा करायला रविवारी दोरी घेऊन रानात गेलो. नानांच्या अंगाला चार दोऱ्या आणि २२ फूट भरले. आमच्या अंगाला पाच दोऱ्या आणि वर ११ फूट. पुन्हा मोजलं, तेवढंच. दरसाल नांगरताना बांध जरा जरा सरकला होता, आणि नांगर आमचा होता. अडीच गुंठ्यांहून जास्तच जमीन.

दोरी गुंडाळत होतो तेवढ्यात नाना आले.

"काय मोजतुयास रं?"

"शाळंचं गणित हाय, नाना."

"आलं का उत्तर?"

"आलं की."

"किती?"

"पाच."

नानांनी बांधाकडं बघितलं, मान हलवली आणि म्हस घेऊन गेले.

रात्री आबांना सांगितलं. हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "दोरी वल्ली असंल. वल्ली दोरी आखडती." आखडली तर ती दोन्हीकडं सारखीच आखडेल, एवढं बीजगणित मला येत होतं. बोललो नाही. वहीत पाच आणि पाच लिहिलं. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढं भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातलं माकडांचं उदाहरण वाचनात आलं. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग, एवढी माकडं गुहेत आणि एक फांदीवर. कळप ५० चा येतो, नाहीतर ५ चा. ५ धरले तर पाचवा हिस्सा एक, आणि त्यातून तीन वजा केले की उणे दोन. भास्कराचार्यांनी ते उत्तर घेतलं नाही, आणि का घेतलं नाही तेही सांगितलं. ऋण संख्या लोकांना पटत नाही.

उत्तर टाकणं हे काही पाप नाही. सगळी उत्तरं कवटाळून संसार होत नाही. पण अशक्य म्हणून टाकलेलं वेगळं आणि अडचणीचं म्हणून टाकलेलं वेगळं. खोडल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. कारण लिहायला बसलं की फरक कळतो. 'रुंदी उणे नसते' हे मला लिहिता आलं. ११ फुटांपुढं काय लिहिणार होतो? 'आबा माझे आहेत'?

आता आबा नाहीत, नानाही नाहीत. सातबाऱ्यावर ४०-४० गुंठेच आहेत. नानांच्या मुलाला त्याचं रान विकायचं आहे. परवा त्यानं फोन केला, "दादा, मोजणी आणू का? का तुमच्या माहितीत हाय सगळं?"

"आण," मी म्हणालो. ११ फुटांचं बोललो नाही. मोजणीवाला सांगेलच. पण त्यानं सांगणं आणि मी सांगणं यात एका गुणाचा फरक आहे.

मोजणीला अजून आठ दिवस आहेत.